थे, झुल्कीर, थार्कियन: मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: आम्ही डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं घेऊन कथा पुढे नेण्याचा खेळ मराठीतून खेळतो. कथा आता फरगॉटन रेल्म्स या त्यातल्या काल्पनिक जगातल्या 'थे' नावाच्या प्रदेशाकडे वळली आहे. त्याला राज्य म्हणावं की राष्ट्र? तिथले सत्ताधीश, झुल्कीर, आठ असतात, मग त्यांना 'अष्टप्रधान' म्हटलं तर?

उत्तर: अष्टप्रधान नको. आकडा जुळतो, पण अर्थ उलटा होतो. अष्टप्रधान म्हटलं की त्यांच्या वर छत्रपती आलेच. प्रधान हे राजाचे. झुल्कीरांच्या वर कोणी नाही. जादूच्या आठ शाखा, प्रत्येक शाखेचा एक झुल्कीर, आणि हे आठजण मिळूनच सत्ता. पुढे मृतविद्येचा, म्हणजे मृतांवर चालणाऱ्या जादूचा, झुल्कीर झास टॅम बाकीच्यांना बाजूला सारून एकटाच धनी झाला. त्या घटनेची धार लागायची तर आधी हे सगळे बरोबरीचे होते, हे ऐकणाऱ्याला कळलेलं हवं. 'प्रधान' शब्दाने नेमकं तेच पुसलं जातं. झुल्कीर हा शब्द तसाच ठेवा. उच्चाराला सोपा आहे, 'झुल्कीराने', 'झुल्कीरांचा' असा सहज चालतो. राज्यपद्धतीला मात्र लोकशाही, हुकूमशाहीच्या चालीवर 'मांत्रिकशाही' छान बसतं.

'मांत्रिक' मी मुद्दाम म्हणतो आहे. जादूगार म्हटलं की डोळ्यांपुढे रंगमंच आणि टोपीतला ससा येतो. या खेळातला विझार्ड पोथी उघडून मंत्र पाठ करतो. विद्या अभ्यासाने मिळवतो. आपल्याकडे मांत्रिक भूतबाधा उतरवतो, एवढा फरक आहे, पण मंत्र आणि त्याचा धाक दोन्हीकडे सारखाच. थेचे ते मुंडण केलेले, अंगभर गोंदलेले, लाल झग्यातले लोक म्हणजे 'लाल मांत्रिक'.

आता राज्य की राष्ट्र. 'राज्य' म्हटलं की आज महाराष्ट्र, कर्नाटक आठवतात, म्हणजे वर केंद्र आहे असं वाटतं. 'राष्ट्र' शब्दात आपलेपणाची भावना आहे. गुलामांच्या कष्टावर उभ्या असलेल्या थेला तो द्यायला मन होत नाही. मला 'मुलूख' आवडतो. त्यात जमीन आहे, अंमल आहे आणि थोडी दहशतही. 'देश' शब्दाचा मोह मलाही झाला होता. आपल्याकडे घाटावरच्या पठाराला देश म्हणतात, आणि थेचा मधला भाग म्हणजे कड्यांनी वेढलेलं उंच पठारच. पण हे सौंदर्य टेबलावर बसलेल्यांना समजावून सांगावं लागलं, म्हणून सोडून दिलं. त्या कड्याच्या वरच्या भागाला मात्र मी 'घाटमाथा' म्हणतो. ते लगेच पोचतं.

थार्क म्हणजे सुभा, थार्कियन म्हणजे सुभेदार. झुल्कीरांनी नेमायचा, त्यांच्या मर्जीवर टिकायचा. अगदी नेमका शब्द आहे.

शंका: सुभेदार फारसी वळणाचा शब्द. शिवाजी महाराजांनी 1674 च्या राज्याभिषेकाच्या सुमारास पदांना संस्कृत नावं दिली: डबीरचा सुमंत, सरनौबतचा सेनापती. मग आपण 'प्रांताधिकारी' का म्हणू नये?

उत्तर: विचार मोलाचा आहे, पण दादा, प्रांताधिकारी आज आपल्या तालुक्यात बसतात! जमिनीच्या अपिलासाठी ज्यांच्या दारात आपण फाइल घेऊन उभे राहतो, ते 'प्रांत'. थेच्या सरहद्दीवर सैन्य घेऊन उभ्या असलेल्या माणसाला तो शब्द दिला की खेळातला ताण तिथेच सैल पडतो. सुभेदार आज सैन्यातला हुद्दा आहे, आडनावही आहे, तरी त्याला इतिहासाचा वास आहे. संस्कृतच हवं असेल तर 'प्रांतपाल' वापरून पाहा. चूक नाही, फक्त थोडं पुस्तकी वाटतं.

एक अडचण राहिली, खुद्द नावाची. गेल्या महिन्यात खेळताना मी म्हणालो, "तुम्ही आता थेत शिरलात." समोरची मुलगी म्हणाली, "थेट कुठे शिरलो?" एका अक्षराच्या नावाला प्रत्यय जोडला की ते ऐकू येईनासं होतं. तेव्हापासून मी मधे 'मुलूख' घालतो: थे मुलखात, थे मुलखाचा. रहिवाशांना 'थेकर'. पुणेकर, सोलापूरकरासारखं ते पहिल्याच खेपेला सगळ्यांच्या तोंडी बसलं. परवा त्याच मुलीने, कोणी न सांगता, विचारलं, "हा सुभेदार थेकर आहे की बाहेरून आणलाय?"