बोधिसत्त्वाचा जोसाफत

बायबलमधील योना आणि कुराणातील हजरत यूनुस हे एकच प्रेषित; त्यांना गिळणाऱ्या माशाची चित्रे दोन्ही परंपरांत आढळतात. धर्माच्या सीमा ओलांडणाऱ्या अशा कथांना मराठवाड्याच्या जवळची आणखी एक कथा जोडतो. अजिंठ्याच्या भिंतींवर आपण पाहतो ते बुद्धचरित्र अरबीत गेले, तेथून जॉर्जियन व ग्रीकमध्ये पोहोचले आणि युरोपातील सचित्र हस्तलिखितांत राजपुत्र सिद्धार्थ हा जोसाफत नावाचा ख्रिस्ती संत झाला. बोधी मिळण्यापूर्वीच्या सिद्धार्थाला 'बोधिसत्त्व' म्हणतात; त्या शब्दाचे अरबीत 'बूदासफ' झाले होते. शब्दारंभी 'ब'खाली एक नुक्ता (ठिपका) आणि 'य'खाली दोन, म्हणून एका जादा ठिपक्याने त्याचे 'यूदासफ' आणि त्यातूनच पुढे 'जोसाफत' झाले, हे उर्दू पाट्या वाचणाऱ्या आपल्या लोकांना लगेच पटेल. इराणातील तबरीझला १३१४ च्या सुमारास चितारलेल्या, इतिहासकार रशीदुद्दीन यांच्या 'जामिउत्तवारीख' या जगाच्या इतिहासाच्या अरबी पानांत तर यूनुसही आहेत आणि सैतानापुढे फळे धरणारे शाक्यमुनी, म्हणजे बुद्धही.