प्रतिसाद: होस्टेलात टाकून पोर 'सरळ' होत नाही
वर कुणीतरी लिहिलंय की ९ वर्षांचा कर्णबधिर मुलगा फार मारकुटा झालाय, निवासी शाळेत टाकला की सरळ होईल. सरळ वगैरे जाऊदे हो. माझा भाचाही कर्णबधिर, फोंड्याला असतो, गेल्या चवथीला (गणेश चतुर्थीला) माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या मांडवीखाली, सगळे आरती म्हणताहेत नि हा एकटाच प्रत्येकाच्या तोंडाकडे बघतोय, मग एकदम झांजा ओढून फेकल्या आणि घरच्यांनी ठरवून टाकलं, पोर बिघडलं! कर्णबधिर मुलांपैकी ९० टक्क्यांहून जास्त मुलं ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात, घरात खुणांची भाषा कुणालाच येत नाही, राग सांगायचा कसा?

निवासी शाळेचा खरा फायदा म्हणजे जेवताना, झोपताना दोस्तांशी खुणांतून पोटभर गप्पा. पण तिथल्या समुपदेशकाला स्वतःला खुणांची भाषा येते का ते आधी विचारा, आईलाच दुभाषी बसवलं तर पोर आईची तक्रार करणार कुणाकडे?

आणि सुट्टीत तो घरी येणारच ना, तेव्हा तुम्हीही शिका. दिल्लीच्या आयएसएलआरटीसी या खुणांच्या भाषेच्या सरकारी केंद्राची १०,००० हून जास्त शब्दांची डिक्शनरी व्हिडिओसकट फुकट आहे. ताई रोज रात्री चार खुणा करून बघते, 'राग' आधी शिकली, चुकली की भाचा तिची बोटं धरून नीट करतो.