मदत हवी आहे: विकत द्यायच्या ॲपमध्ये लेम आणि एफएफएम्पेग वापरताना लायसन्स कसं पाळायचं?

नमस्कार मंडळी,

आवाज रेकॉर्ड करून त्याची काटछाट करणारं डेस्कटॉप ॲप लिहितोय. ते विकायचं आहे आणि माझा सोर्स कोड खुला करायचा नाही. फाइल एमपीथ्री, एएसी, फ्लॅक आणि ओपसमध्ये सेव्ह व्हायला हवी. कोड चालतोय, अडलंय ते लायसन्सपाशी. लेम (एमपीथ्री बनवणारा एन्कोडर) आणि एफएफएम्पेग (ऑडिओ-व्हिडिओ एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात नेणारं टूल) यांसारख्या सॉफ्टवेअरवर लोकांनी वर्षानुवर्षं मेहनत घेऊन ते सगळ्यांना मोकळे दिलेत, त्यामुळे त्यांच्या अटी मला मनापासून आणि पूर्ण पाळायच्या आहेत.

ओपस आणि फ्लॅकच्या लायब्ररी बीएसडी या सैल अटींच्या लायसन्सखाली आहेत, म्हणजे कॉपीराइटची सूचना आणि लायसन्सचा मजकूर सोबत दिला की झालं. (फ्लॅकचं कमांड लाइनचं टूल मात्र जीपीएल या लायसन्सखाली येतं, ज्याचा कोड मिसळला तर पूर्ण ॲपचा सोर्स द्यावा लागतो, म्हणून ते घेतलेलं नाही.) एमपीथ्रीचा पेटंट परवाना कार्यक्रम एप्रिल २०१७ मध्ये बंद झाला, तीही काळजी नाही.

प्रश्न दोन:

१. लेम एलजीपीएल या जीपीएलच्या सौम्य रूपाखाली आहे. वेगळी लायब्ररी फाइल (डीएलएल) न देता ते स्टॅटिक लिंक करून सगळं एकाच फाइलमध्ये दिलं तर चालेल का?

२. एएसीसाठी एफएफएम्पेगचं तयार बिल्ड उतरवलं. त्याच्या कॉन्फिगरेशनमध्ये 'एनेबल-जीपीएल' दिसतंय, म्हणजे त्यात जीपीएलचे भाग घेतलेत. माझं ॲप ते फक्त वेगळी प्रोसेस म्हणून चालवतं. तरी माझ्या कोडला जीपीएल लागू होईल का?

प्रतिसाद १

स्टॅटिक लिंक करायला बंदी नाही. पण ग्राहकाला लेममध्ये बदल करून तुमचं ॲप पुन्हा लिंक करता आलं पाहिजे, म्हणजे तुमच्या ऑब्जेक्ट फाइल (कंपाइल झालेले, पण अजून न जोडलेले भाग) त्याला द्याव्या लागतील. त्यापेक्षा डीएलएल बरी. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते: वापराच्या अटींचा तयार मसुदा उचलला की त्यात 'रिव्हर्स इंजिनिअरिंगला सक्त मनाई' असं वाक्य हमखास असतं. लायब्ररी बदलल्यावर डीबग करण्यापुरती तरी मुभा ठेवणं एलजीपीएलला आवश्यक आहे. ते वाक्य आधी तपासा.

प्रतिसाद २

नुसती कमांड देऊन वेगळी प्रोसेस चालवली तर ते सहसा दोन स्वतंत्र प्रोग्राम धरले जातात. जीपीएल लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची भूमिकाही तीच आहे. पण ते जीपीएल बिल्ड तुम्हीच वाटणार, तर त्याचा सोर्स देणं तुमच्याकडेच आलं. मी तर म्हणेन, 'एनेबल-जीपीएल' आणि 'एनेबल-नॉनफ्री' वगळून स्वतः बिल्ड करा. एफएफएम्पेगचा स्वतःचा एएसी एन्कोडर एलजीपीएलमध्येच मिळतो. फ्राउनहोफर संस्थेचा एफडीके हा एएसी एन्कोडर जीपीएल भागांसोबत घातलात तर ते बिल्ड दुसऱ्याला देताच येत नाही.

एएसीच्या पेटंटचा विषय वेगळा. सोर्स कोडचं लायसन्स मिळालं म्हणजे पेटंटचा परवाना मिळाला असं होत नाही. विंडोजचं मीडिया फाउंडेशन आणि मॅकचं ऑडिओ टूलबॉक्स यांत एएसी एन्कोडर आधीपासून आहे, तो वापरता येतो का ते पाहा.

धागाकर्ता

दोघांचेही खूप आभार! लेमची डीएलएल देतो आणि एएसीचं काम ऑपरेटिंग सिस्टिमच्या एन्कोडरवर सोपवतो, म्हणजे एफएफएम्पेगची गरजच उरत नाही. लेमच्या सोर्ससाठी त्यांच्या साइटची लिंक पुरेल का?

प्रतिसाद १

लिंकवर विसंबू नका. उद्या तिथे नवी आवृत्ती आली तर तुमच्या डीएलएलचा सोर्स ग्राहकाला कुठे मिळणार? जी आवृत्ती बिल्ड केलीत तिचाच सोर्स, तुमचे बदल असतील तर त्यांसह, ॲप जिथून डाउनलोड होतं तिथेच ठेवा. ॲपच्या माहिती खिडकीत लेमचं नाव आणि लायसन्सचा उल्लेखही हवा.