घरच्या पटावर जिंकलेल्या डावातील चूक कशी मोजावी?

प्रश्न

आम्ही पतिपत्नी गेली दोन वर्षे रात्रीच्या जेवणानंतर बुद्धिबळाचा एक डाव खेळतो. यजमान शाळकरी वयापासून खेळत आले आहेत आणि मी पन्नाशीत शिकले, त्यामुळे दहापैकी सात-आठ डाव तेच जिंकतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. दिवाळीपासून मी चाली वहीत लिहू लागले आणि दुसऱ्या दिवशी त्या लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर भरून स्टॉकफिश या बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक-प्रणालीकडून तपासून घेऊ लागले, तेव्हापासून मात्र घरात वाद होऊ लागले आहेत.

परवाच्या डावात पांढरी मोहरी त्यांची होती. (घर स्तंभाच्या अक्षराने आणि ओळीच्या अंकाने लिहिले आहे; मोहऱ्याचे नाव नसेल तिथे प्याद्याची चाल समजावी.) १. ई४ ई५ २. घोडा एफ३, डी६ ३. उंट सी४, उंट जी४ ४. घोडा सी३, घोडा सी६. येथे त्यांनी पाचव्या चालीला घोड्याने ई५वरचे प्यादे मारले. वजीर उघडा पडला म्हणून मी हरखून उंटाने डी१वरचा वजीर घेतला. मग ६. उंटाने एफ७वरचे प्यादे मारून शह, राजा ई७ ७. घोडा डी५ आणि मात.

संगणकाने माझ्या पाचव्या चालीवर दोन प्रश्नचिन्हे, म्हणजे घोडचुकीची खूण, दिली, हे मला मान्य आहे. पण त्याने यजमानांच्या पाचव्या चालीवरही तशीच खूण केली. त्यांचे म्हणणे असे की ज्या चालीने सातव्या खेळीला मात होते तिला घोडचूक म्हणणाऱ्या यंत्राला खेळ कळत नाही. विश्लेषणाला बसायचेच नाही, असे त्यांनी आता जाहीर केले आहे. चूक नेमकी कुणाची धरावी, आणि असे डाव तपासण्याची योग्य रीत कोणती?

प्रतिसाद : अडीच घर

ताई, आपल्या यजमानांनी केलेली मात अठराव्या शतकातील पॅरिसच्या लेगाल यांच्या नावाने ओळखली जाते. हे गृहस्थ प्रसिद्ध फ्रेंच बुद्धिबळपटू फिलिडोर यांचे गुरू होते. वजिराचा बळी देऊन उंट आणि दोन घोड्यांनी मात करण्याची ही रचना इतकी देखणी आहे की ती एकदा पाहिलेला माणूस जी४वर काळा उंट दिसला की तिच्याच शोधात राहतो. आपल्या डावात तसेच झाले असावे, असा माझा अंदाज आहे.

तरीही यंत्राचे बरोबर आहे, कारण आपला घोडा सी६वर होता. त्यांनी ई५वरचे प्यादे मारल्यावर आपण वजिराकडे न पाहता त्याच घोड्याने ई५वरचा घोडा मारला असता, तर जी४वरच्या उंटाला त्या घोड्याचा जोर (संरक्षण) मिळाला असता, सी४वरच्या त्यांच्या उंटावर हल्ला झाला असता आणि डी१वरचा वजीर तर मारात होताच. एका प्याद्याच्या बदल्यात त्यांचा एक घोडा गेला असता आणि मात कुठेच नसती.

आता गंमत पाहा. त्यांनी पाचव्या चालीला आधी एच३ करून आपला उंट एच५वर जाऊ दिला असता आणि सहाव्या चालीला ई५वरचे तेच प्यादे मारले असते, तर ती चाल अचूक ठरली असती. मग आपण घोड्याने घोडा मारला, तरी त्यांचा वजीर एच५वरचा उंट घेतो, कारण त्याला आता कुणाचाच जोर नाही. त्यानंतर आपण सी४वरचा उंट मारलात, तर वजीर बी५वर येऊन शह देतो आणि पाठोपाठ तो घोडाही उचलतो. हिशेब मांडला तर पांढऱ्याचे एक प्यादे वर राहते. म्हणजे यजमानांची कल्पना बरोबर होती. फक्त ती एक चाल आधी आली. त्यांना हे असे सांगून पाहावे, यंत्राची खूण दाखवू नये.

प्रतिसाद : मागची ओळ

वरील विश्लेषण उत्तम आहे, परंतु मूळ अडचण संगणक कधी उघडावा, ही आहे. आम्हा दोघांचा नियम असा आहे की डाव संपल्यावर पटावर तो पुन्हा मांडायचा, हरलेल्याने आधी बोलायचे, आणि प्रत्येक वळणावर आपण काय पाहिले होते एवढेच सांगायचे. कोणती चाल चांगली होती, ते नाही. आपल्या यजमानांना विचारण्याचा खरा प्रश्न हा आहे की सी६वरचा घोडा त्यांना दिसला होता का. दिसूनही त्यांनी धाडस केले असेल, तर ते जोखमीचे पण समजून खेळलेले आहे. दिसलाच नसेल, तर मात होऊनही ती चूकच राहते, आणि जिंकलेल्या डावातील अशी चूक सहसा कुणी शोधत बसत नाही.

दुसरे म्हणजे घरच्या डावात परत घेतलेल्या चाली. स्पर्धेत मोहऱ्याला हात लावला की तेच खेळावे लागते. घरी मात्र ‘थांब, थांब, ही नको’ असे म्हणून चाल मागे जाते आणि वहीत फक्त सुधारलेली चाल उरते. ती मागे घेतलेली चाल लाल शाईने लिहून ठेवा, कारण तपासण्यासारखे सर्वात जास्त तिथेच असते. (आमच्या वहीत लाल शाई कुणाची अधिक आहे, हे येथे लिहिण्याची मला परवानगी नाही.)

प्रतिसाद : तिरका उंट

बुद्धिबळपटू प्रवीण आणि भाग्यश्री ठिपसे या दांपत्यासारखे दोघेही किताबधारी असतील, तर चर्चा बरोबरीची होते. आपल्यासारख्यांच्या घरात एकजण आपोआप मास्तर होतो. लिचेसवर स्वतःच्या चुकांपासून शिकण्याची सोय आहे. तीत आपल्या बाजूची चुकलेली स्थिती समोर येते आणि चांगली चाल आपणच शोधायची असते. तो भाग दोघांनी वेगवेगळा सोडवावा.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. काल पट मांडून विचारले. थोडा वेळ शांतता होती, मग ‘घोडा पाहिला नव्हता’ असे उत्तर आले, आणि एच३ची कल्पना त्यांना इतकी आवडली की त्यांनी ती तीनदा मांडून पाहिली. एक शंका उरली आहे. एच३ नंतर मी उंट मागे न नेता एफ३वरचा घोडाच मारला तर?

प्रतिसाद : अडीच घर

तर त्यांचा वजीर एफ३वर येईल आणि सी४वरच्या उंटाच्या जोरावर एफ७वर मातेची धमकी देईल. आपण घोडा एफ६वर आणावा. डाव खेळण्याजोगा राहतो. सी६वरचा घोडा डी४वर नेऊन वजिरावर हल्ला करण्याचा मोह मात्र आवरावा, कारण पुढच्याच चालीला वजीर एफ७वर मात करतो.