चुन्याने भाजलेला एक डोळा : स्लेट आधी की बुबुळ बदलणं आधी? मदत हवी आहे

नमस्कार. रुग्ण ९ वर्षांचा मुलगा. चुन्याची पुडी दाबताना फुटली आणि चुना उजव्या डोळ्यात गेला, त्याला १४ महिने झाले. लिंबस (बुबुळाच्या कडेचा मूळपेशींचा पट्टा) चारी बाजूंनी गेलेला आहे, बुबुळावर (कॉर्नियावर) रक्तवाहिन्यांसकट मांसल थर चढलाय, नजर बोटं मोजण्यापुरती. शिर्मर (अश्रूंची चाचणी) १५ मिमी, म्हणजे ओलावा पुरेसा. खालची पापणी नाकाकडच्या कोपऱ्यात थोडी चिकटलेली. डावा डोळा निर्दोष. घरचे म्हणतात, "डोळ्यात फूल पडलंय, नेत्रपेढीतून डोळा आणून बदला." एकाच भुलीत स्लेट (चांगल्या डोळ्यातल्या लिंबसचे बारीक तुकडे भाजलेल्या डोळ्यावर लावणं) आणि केराटोप्लास्टी (दात्याचं बुबुळ बसवणं) दोन्ही उरकावं का? तुकडे निघून येऊ नयेत म्हणून काय सांभाळावं? जाणकारांनी सांगावं.

पापणी :
दोन्ही एकत्र करू नका. बुबुळावरचा वरचा थर सतत झडतो आणि लिंबसमधल्या मूळपेशी तो सतत भरून काढतात. लिंबस ही त्या थराची रोपवाटिका. दात्याच्या बुबुळाची ८ मिमीची चकती बसवली तरी तिच्यासोबत लिंबस येत नाही. काही आठवड्यांत दात्याचा थर झडतो, पांढऱ्यावरची पातळ कातडी (कंजंक्टायव्हा) पुन्हा आत सरकते, मागोमाग रक्तवाहिन्या येतात आणि कलम नाकारलं जातं. दान मिळालेलं बुबुळ असं वाया घालवणं मला पटत नाही.

स्लेट हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेतून २०१२ मध्ये पुढे आलं. तिथल्याच २०१६ च्या १२५ रुग्णांच्या मालिकेत (त्यातली ६० मुलं) ७६ टक्के डोळ्यांत बुबुळाचा थर टिकला. फसलेल्यांत ॲसिडची इजा, पापणी फार चिकटलेली असणं, सोबत केलेली केराटोप्लास्टी आणि तुकडे गळणं ही कारणं ठळक होती. तुमच्या रुग्णात पहिलं नाही, दुसरं थोडंच आहे. तिसरं तुमच्या हातात आहे.

थर काढल्यावर खालचं बुबुळ अनेकदा वाटलं होतं त्यापेक्षा स्वच्छ निघतं. आधी एएस-ओसीटी (डोळ्याच्या पुढच्या भागाचा स्कॅन) करून जाडी पाहून ठेवा.

लिंबस१२ :
तुकड्यांबद्दल. चांगल्या डोळ्यात वरच्या बाजूला लिंबसजवळ कंजंक्टायव्हाखाली थोडं सलाइन टोचून ती फुगवा, मग पारदर्शक बुबुळात साधारण १ मिमी शिरेपर्यंत सोडवत जा. २ × २ मिमी पुरे, म्हणजे लिंबसचं वर्तुळ घड्याळाची तबकडी मानली तर जेमतेम एका तासाएवढा भाग. तुकडा लगेच बीएसएसमध्ये (डोळ्याच्या शस्त्रक्रियेतलं क्षारद्रावण) टाका. कोरडा पडला की पेशी मेल्या.

भाजलेल्या डोळ्यात ३६० अंश पेरिटॉमी करा, म्हणजे बुबुळाभोवती कंजंक्टायव्हा गोल कापून सोडवा. मांसल थर एकाच पातळीत सोलत न्या, घाईने खोल जाऊ नका, कारण भाजलेलं बुबुळ जागोजागी पातळ असू शकतं. रक्त पूर्ण थांबू द्या. ॲम्निऑटिक मेम्ब्रेन (गर्भपिशवीचा पातळ पडदा) बेसमेंटची, म्हणजे पेशी धरणारी बाजू वर ठेवून फिब्रिन ग्लूने (रक्तातल्या प्रथिनांचा गोंद) चिकटवा, कडा कंजंक्टायव्हाखाली सारा. मग त्या इवल्या तुकड्याचे वॅनास कात्रीने (डोळ्याची बारीक कात्री) ८ ते १० भाग करा. एपिथेलियम (पेशींचा वरचा थर) वर ठेवून ते मधल्या परिघावर गोलाकार मांडा. नजरेच्या मध्यावर एकही नको.

चुका होतात त्या ग्लूशी. पृष्ठभाग ओला असेल तर मेम्ब्रेनखाली रक्त किंवा पाणी साचून फुगा येतो आणि त्यावरचे तुकडे वरून घातलेल्या बँडेज लेन्ससोबत (संरक्षक कॉन्टॅक्ट लेन्स) निघतात. ग्लूचा जाड गोळा झाला तरी तेच. प्रत्येक तुकड्यावर एक बारीक थेंब, जमेपर्यंत हात थांबवायचा, मग वरून बँडेज लेन्स. मूल डोळा चोळणारं असेल तर पापण्यांची तात्पुरती शिवण घाला. चिकटलेला कोपरा त्याच बैठकीत सोडवा.

धागाकर्ता :
आभार. घरच्यांना भीती आहे की चांगला डोळाही जाईल. जपानचं काहीतरी वाचून विचारतायत, थांबायचं का?

पापणी :
थांबू नका. ओसाकात कोजी निशिदा यांच्या गटाने दुसऱ्याच्या पेशींपासून बनवलेल्या आयपीएस पेशींचे (पुन्हा मूळपेशींसारख्या केलेल्या पेशी) बुबुळथर चार रुग्णांना लावले, २०२४ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलं. दोन वर्षांत गंभीर त्रास दिसला नाही. पण खरी गरज आहे ती दोन्ही डोळ्यांचा लिंबस गेलेल्यांना, ज्यांच्याकडे घ्यायला स्वतःच्या पेशीच नाहीत. या मुलाकडे स्वतःचा निरोगी लिंबस आहे, त्यामुळे इम्युनोसप्रेशनची (शरीराची प्रतिकारशक्ती दाबणारी) गोळीही लागत नाही. युरोपात २०१५ मध्ये मंजूर झालेल्या होलोक्लार या लिंबसच्या मूळपेशींच्या उपचारालाही प्रयोगशाळेत पेशी वाढवाव्या लागतात. स्लेटमध्ये ते काम डोळाच करतो.

घरच्यांना आकड्यात सांगा : जुन्या पद्धतीत चांगल्या डोळ्याच्या लिंबसच्या तबकडीतले चार ते सहा तास घेत, इथे एक.

लिंबस१२ :
लेन्स आठवड्याने काढा. प्रेडनिसोलोन १ टक्का (स्टेरॉइड थेंब) दिवसातून सहा वेळा सुरू करून सहा आठवड्यांत उतरवा, अँटिबायोटिक थेंब पहिला आठवडा. लहान मुलात स्टेरॉइडने डोळ्याचा दाब पटकन चढतो, प्रत्येक भेटीत मोजा. नऊ वर्षं म्हणजे डोळा आळशी झालेला असणार. थर स्थिरावला की चष्म्याचा नंबर काढून डाव्या डोळ्यावर पट्टी सुरू करा, केराटोप्लास्टीचा विचार त्यानंतर.

धागा वाचणाऱ्या पालकांसाठी : चुना गेला तर दवाखाना शोधत बसू नका. जागच्या जागी नळाखाली निदान अर्धा तास डोळा धुवा, मग निघा. डॉक्टरांना वरची पापणी दोनदा उलटून कण काढायला सांगा. खडा आत राहिला तर तो तासन्तास भाजत राहतो.