तापात कॉर्टिसॉल वाढतं ते ‘टेन्शन’मुळे?

रानवारा: काल समाधानी यांनी लिहिलं, ‘कॉर्टिसॉल हा मनाचा खेळ. मन शांत असेल तर जंतुसंसर्गातही ते वाढत नाही.’ वाचून राहवलं नाही. कॉर्टिसॉल हे मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींचं हार्मोन. ग्रॅम-निगेटिव्ह नावाच्या गटातल्या जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणात लिपोपॉलिसॅकराइड असतं, त्यालाच एंडोटॉक्सिन म्हणतात. ते पांढऱ्या पेशींवरच्या टीएलआर-४ या ग्राहकाला चिकटलं की त्या पेशी इंटरल्युकिन-१, टीएनएफ वगैरे दाह वाढवणारे निरोप्या रेणू सोडतात. मग मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन हे निरोप पुढे नेणारं रसायन तयार होतं, पोटातून व्हेगस नर्व्हही मेंदूला खबर पोचवते. मग एकामागून एक हार्मोन सुटतात: मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून सीआरएच, त्यामुळे त्याखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून एसीटीएच, त्यामुळे अ‍ॅड्रिनलमधून कॉर्टिसॉल. १९८७ साली उंदरांना नुसतं इंटरल्युकिन-१ टोचलं तर एसीटीएच वाढलं. सीआरएच निकामी करणारी अँटिबॉडी दिल्यावर ती वाढ रोखली गेली. यात चिंता कुठे आली?

समाधानी: उंदरांचं माणसांना लावू नका. परीक्षेच्या दिवसांत मी हमखास आजारी पडायचो, ध्यान सुरू केलं आणि थांबलं. माझा अनुभव खोटा?

रानवारा: ध्यानाबद्दल मी चकार शब्द काढलेला नाही. आणि माणसांवरही झालंय. निरोगी स्वयंसेवकांना शिरेतून एंडोटॉक्सिन देतात, किलोमागे जेमतेम काही नॅनोग्रॅम. तास-दीड तासात हुडहुडी, मग ताप, आणि कॉर्टिसॉल चढतं.

काळी मांजर: कॉर्टिसॉल शरीर स्वतःच बनवतं, मग त्याच जातीच्या स्टेरॉइड गोळ्यांनी माणसाची वाट का लागते? काकांना वर्षानुवर्षं गोळ्या दिल्या, मणके खचले. हाडं तपासा म्हणून एका डॉक्टरनं सांगितलं नाही.

सुईदोरा: माझ्या आईला अ‍ॅडिसन्स हा आजार आहे, तिच्या अ‍ॅड्रिनल कॉर्टिसॉल बनवतच नाहीत, म्हणून ते गोळीतून घ्यावं लागतं. ताप आला की गोळीचा डोस दुप्पट. एकदा उलट्यांमुळे गोळी पोटात टिकली नाही. संध्याकाळपर्यंत बीपी उतरलं, हातपाय गार, मला ओळखेना. शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधरूपातलं कॉर्टिसॉल, गेलं तेव्हा सावरली. तरी नातेवाईक म्हणतात, ‘स्टेरॉइड बंद करा.’ डोकं फिरतं माझं.

काळी मांजर: तुमच्या आईंना लागतं म्हणून काकांचे मणके भरून येणार आहेत का?

सुईदोरा: नाही येणार. पण तुमचा राग तपासणी न करणाऱ्यांवर काढा, औषधावर नको.

रानवारा: हे कॉर्टिसॉल त्या इंटरल्युकिन-टीएनएफला लगाम घालतं. अ‍ॅड्रिनल काढलेला उंदीर एंडोटॉक्सिनच्या अगदी थोड्या डोसनंही मरतो. अर्थात वरून दिलं की भलंच होतं असंही नाही. सेप्टिक शॉकमधल्या, म्हणजे जंतुसंसर्गानं बीपी कोसळलेल्या रुग्णांमधल्या, हायड्रोकॉर्टिसोनच्या दोन मोठ्या चाचण्या २०१८ मध्ये आल्या. एकीत मृत्यू कमी झाले, तिथे जोडीला फ्लुड्रोकॉर्टिसोन हे दुसरं स्टेरॉइड होतं. दुसरीत शॉक लवकर ओसरला, पण मृत्यू तेवढेच.

काळी मांजर: म्हणजे डॉक्टरांचंही एकमत नाही. तेच म्हणतेय मी.

समाधानी: बरं बाबा, जंतूंमुळे वाढतं, मान्य. मनामुळेही वाढतं, हे तरी कबूल करा.

रानवारा: ते कधी नाकारलं? तोच हायपोथॅलॅमस भीतीलाही प्रतिसाद देतो. ‘मन शांत तर वाढत नाही’ हे चूक.

सुईदोरा: समाधानी, मग ते वाक्य आजच काढा. आईसारख्या कुणाचा ते वाचून तापात डोस वाढवायचा राहिला तर?