प्रायोगिक कोड मुख्य शाखेत घ्यावा की बाहेरच ठेवावा?

मांजराकाठ, लातूर

नमस्कार. महसूल मंडळनिहाय पावसाच्या रोजच्या नोंदी एकत्र करून, चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झालेली मंडळे अतिवृष्टीची म्हणून दाखवणारा एक मुक्तस्रोत प्रकल्प आम्ही काही जण सांभाळतो. लातूर, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांतील शेतकरी गट तो नियमित वापरतात.

अलीकडे अभियांत्रिकीचे विद्यार्थी प्रायोगिक स्वरूपाचा कोड पाठवू लागले आहेत. सध्याची पुल रिक्वेस्ट (म्हणजे बदल प्रकल्पात घेण्याची विनंती) अशी आहे की एखाद्या मंडळाची नोंद आली नाही, तर शेजारच्या मंडळांच्या नोंदींवरून, जवळच्या मंडळाला जास्त भार देऊन, अंदाजित आकडा काढायचा. कल्पना मोलाची आहे. पण एका शिवारात धो धो आणि लगतच्या शिवारात थेंबही नाही, असा आपल्याकडचा पाऊस, त्यामुळे अंदाज फसू शकतो आणि असा कोड लगेच मुख्य शाखेत, म्हणजे सर्वजण वापरतात त्या मूळ कोडमध्ये, घ्यायला मन धजत नाही. वेगळ्या शाखेत ठेवलेला असा कोड थोड्याच दिवसांत मुख्य शाखेपासून इतका लांब जातो की पुढे तो जोडणे जिकिरीचे होते आणि तोवर परीक्षा लागल्यामुळे पाठवणारा विद्यार्थीही संपर्कात राहत नाही. सरसकट नकार दिला तर त्या मुलांची उमेद खचते. आपण असे योगदान कसे हाताळता?

गोदाकाठ, नांदेड

लिनक्स कर्नलने, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या प्रकल्पाने, यासाठी २००८ मध्ये ‘स्टेजिंग’ ही वेगळी डिरेक्टरी सुरू केली. तिच्यातील कोड कर्नलच्या मुख्य कोडमध्येच असतो, त्यामुळे इतर बदलांबरोबर तोही पुढे सरकत राहतो. मात्र सोबतच्या ‘टूडू’ फाइलमध्ये कोणती कामे पूर्ण झाल्यावर तो बाहेर पडेल, हे लिहिलेले असते. ज्याच्यावर कोणीच काम करत नाही, तो कोड काढून टाकला जातो. अँड्रॉइडचे ड्रायव्हर (कर्नलला जोडले जाणारे कोडचे भाग) याच कारणाने २.६.३३ या आवृत्तीतून काढले गेले आणि पुढे काम होऊ लागल्यावर ३.३ मध्ये परत आले. काढून टाकणे म्हणजे कायमची हकालपट्टी नव्हे, हे विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगितले तर त्यांचा विरस होणार नाही. आपणही तसा कप्पा करावा आणि प्रत्येक प्रयोगाला विद्यार्थ्याबरोबर प्रकल्पातील एक जबाबदार व्यक्ती नेमून द्यावी. अशी व्यक्ती मिळत नसेल, तर तो कोड घेऊ नये.

अजिंठा डोंगर, छत्रपती संभाजीनगर

गोदाकाठ यांच्याशी सहमत आहे, परंतु आपल्या बाबतीत तेवढ्याने भागणार नाही. ती पुल रिक्वेस्ट मी उघडून वाचली. अंदाजित आकडा ज्या स्तंभात प्रत्यक्ष मोजलेला पाऊस असतो, त्याच ‘पाऊस_मिमी’ स्तंभात लिहिला जातो आणि तो कुठून आला याची कसलीही खूण राहत नाही. उद्या हा कोड काढला तरी त्याने लिहिलेले आकडे तिथेच राहतील. एखाद्या मंडळाचा अंदाज ६३ आला आणि प्रत्यक्षात ७० मिलिमीटर पाऊस पडलेला असेल, तर ते मंडळ यादीतून गळेल. आणि पिकाच्या नुकसानीची दाद मागायला निघालेला शेतकरी त्या आकड्याला मोजणीच समजेल. कोड मागे घेता येतो, पण कोणाच्या तरी अर्जाला जोडला गेलेला आकडा मागे घेता येत नाही. त्यामुळे प्रायोगिक कोडने मूळ तक्त्यात एक अक्षरही लिहू नये, त्याच्यासाठी स्वतंत्र तक्ता असावा आणि अतिवृष्टीची यादी करणाऱ्या भागाला तो तक्ता वाचताच येऊ नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

दुसरे असे की प्रत्येक प्रयोगाचा स्विच वेगळा आणि मुळात बंद असावा. सगळ्या प्रयोगांसाठी मिळून एकच स्विच ठेवू नये. कर्नलमध्ये ‘कॉन्फिग एक्सपेरिमेंटल’ नावाचा तसा पर्याय होता. पण लिनक्सची बहुतेक वितरणे (वापरासाठी तयार करून दिलेली रूपे) तो चालूच ठेवत असल्याने त्याला काही अर्थ उरला नाही आणि शेवटी तो काढून टाकावा लागला.

दुधना, परभणी

प्रयोग केव्हा संपला म्हणायचे, हेही आधीच ठरवावे. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत ‘असिंकआयओ’ हा एक भाग २०१४ च्या ३.४ आवृत्तीत तात्पुरता म्हणून आला आणि ३.६ मध्ये स्थिर झाला. तोपर्यंत त्यात बदल होऊ शकतात, हे वापरणाऱ्यांना ठाऊक होते. आपल्याकडे कसोटी सोपी आहे. मागील पावसाळ्यांतील ज्या नोंदी हाती आहेत, त्यांतील काही मुद्दाम झाकाव्यात, कोडला अंदाज करू द्यावा आणि मग ताडून पाहावे. सरासरी चूक पाहून समाधान मानू नये, कारण कोरडे दिवसच जास्त असल्याने ती लहानच दिसेल. ६५ च्या वर गेलेल्या दिवसांपैकी किती दिवस अंदाजाने ओळखले, ते स्वतंत्रपणे मोजावे. हे काम त्याच विद्यार्थ्याला द्यावे, त्यातून त्याला शिकायलाही मिळेल. नियम मात्र एका पानाच्या वर नेऊ नयेत. पहिल्यांदाच कोड पाठवणारा मुलगा लांबलचक नियमावली पाहून परत फिरतो.

मांजराकाठ, लातूर

सर्वांचे आभार. स्वतंत्र तक्त्याचा मुद्दा आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आला नव्हता. पुल रिक्वेस्ट नाकारत नाही. तक्ता वेगळा करणे आणि झाकलेल्या नोंदींवरची तपासणी जोडणे, हे दोन बदल त्या विद्यार्थ्याला सुचवले आहेत आणि हा प्रयोग सांभाळण्याची जबाबदारी मी घेतली आहे. पुढील खरीप हंगामाच्या अखेरीपर्यंत कोड कसोटीला उतरला नाही, तर तो कप्प्यातून काढला जाईल, हे ‘टूडू’ फाइलच्या पहिल्या ओळीत लिहिले आहे. दुधना, ६५ च्या वरचे किती टक्के दिवस ओळखले गेले म्हणजे पुरेसे मानावे, याबद्दल आपले मत कळवावे.